आजऱ्याला निघालेला पावणा

शाहूपुरीत आमचं बॅटरी चार्जिंगचं दुकान. रविवारी सकाळी बाबा विहारात जायचे, म्हणून दुकानात मी बसायची. सन २००२. दिवाळी होऊन गेली होती, थंडी नुकतीच सुरू झालेली. अशा हवेतही घामाघूम होऊन एक जण मोटरसायकल ढकलत आला.

गाडी जुनी, पण तिला लालभडक ताजा रंग. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघून त्यानं जयभीम घातला, मग माझ्याकडं बघितलं... आणि कशाला आलाय तेच विसरला. शेवटी विचारलं, मालक कुठं हाईत?

"आज मीच मालक."

"तुम्हाला जमतंय व्हय हे?"

"डिप्लोमा केलाय. न्हाय जमलं तर ढकलायची सवय हाय की तुम्हाला."

तो हसला. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

नाव बुद्धभूषण. वारणानगरला डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी. गाडी वडिलांची. आज आजऱ्याला मुलगी बघायला निघालेला, दुपारपर्यंत पोचायचं होतं. दिवाळीपासून बॅटरी सारखी उतरत होती आणि हे साहेब दर आठवड्याला ती चार्ज करून आणत होते. बॅटरी नवीन घेतली, तरी तेच. मी म्हटलं, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

त्याची बॅटरी चार्जिंगला लावली. आमची बसवली, गाडी चालू केली, मीटर लावला. रेस वाढवली की काटा वर चढायला पाहिजे. ह्याचा खाली घसरत होता. म्हणजे इंजिन चालू असूनही बॅटरीला करंट मिळत नव्हता. कॉइल बघितली, वायरी बघितल्या, सगळं ठीक. बघता बघता मी मुलीचीही चौकशी केली. त्यानं फक्त फोटो बघितला होता. दहाचा पाना मागितला की तो बाराचा द्यायचा, कारण नजर पान्यांकडं नव्हतीच. माझे हात काळे आणि केसांची बट सारखी डोळ्यांवर. त्यानं हात पुढं केला — मध्येच थांबला — आणि गुपचूप रुमाल दिला.

सीट काढली. खाली बॅटरीचा करंट सांभाळणारी रेग्युलेटरची डबी, तीही लालभडक.

"ह्याला बी रंग फासलासा?"

होणारे सासरे गाडी बघणार म्हणून त्यानं दिवाळीत स्वतः ब्रश घेऊन एक कोपरा सोडला नव्हता. डबी चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, उघड्या लोखंडाला टेकली पाहिजे, करंटचा परतीचा रस्ता तोच. ह्यानं डबी सोडवून मध्ये रंगाचे थर दिले होते. खात्री करायला मी डबीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला एक वायर धरली. काटा लगेच वर गेला.

"रंग खरवडावा लागंल," मी सांगितलं.

"नवा हाय की... त्यांना दिसंल."

"गाडी दाखवाय चाललाय का मुलगी बघाय?"

तो माझ्या हातातला पॉलिश पेपर घेऊन स्वतःच घासायला बसला. लोखंड चमकलं, बोल्ट आवळला, रेस दिली. काटा चढला आणि वरच राहिला.

गाडी दुरुस्त झाली आणि मला वाईट वाटलं. स्पष्टच सांगते.

किल्ली हातात घेऊन तो उभाच. "न्हाय गेलो तर?"

‘नका जाऊ’ असं ओठांवर आलं होतं. पण मीसुद्धा एकदा सकाळपासून साडी नेसून बसले होते, आणि पावणं आलेच नव्हते. गल्लीतल्या बायका आठवडाभर विचारत होत्या.

"ती नटून बसली असंल. जावा. येताना तुमची बॅटरी न्या."

गेला. मी मीटर पेटीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. गिऱ्हाईकं आली, गेली. आजऱ्याची मुलगी देखणीच असणार, असं मनाला बजावत राहिले. बॅटरी न्यायला तो येणारच होता. काय ठरवून येणार, एवढाच प्रश्न.

दिवस मावळताना समोर हेडलाइट उभा राहिला. तो गाडीवरच बसून, इंजिन चालूच.

"झालं काय?" मी आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला.

"पोरगी चांगली हाय. तिला आधी सांगितलं, मग तिच्या वडलांना. लई बोलले. ऐकून घेतलं."

"काय सांगितलं?"

"खरं तेच. वाटेत एक जण भेटली... मन तिथंच राहिलंय." तो हँडलकडं बघत होता. "आता तुम्ही बी न्हाय म्हणालासा तर माझं तेल बी गेलं, तूप बी गेलं."

मी म्हटलं, गाडी बंद करा, पेट्रोल कशाला जाळताय? आता किक मारली की चालू होतीय.

"त्याची भीती न्हाय. तुम्ही न्हाय म्हणालासा, तर लगेच निघता यावं म्हणून चालू ठेवलीय."

विहारातून दुपारीच परतलेले बाबा आत खोकले. त्यांना सगळं ऐकू जात होतं. मी हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

"बाबा आत हाईत," मी म्हटलं. "थांबा की."