खांबापाशी रेंगाळणारे ठिपके

“पाय आपटू नकोस गं, रस्त्यालाही दुखतं.” लहानपणी बोट धरून नेताना बाबा म्हणायचे. ते मी इतकं खरं मानलं, की मोठी होऊन पदपथ आखणारीच झाले.

तो भेटला तो चौकात. मोजपट्टी पसरून मी वाकले होते आणि फोनमध्ये डोकं घालून चालणारा तो माझ्या पट्टीत अडखळला.

“अहो, बघून चाला की.”

“माणसं कशी चालतात, तेच बघत होतो,” तो ओशाळून म्हणाला.

“मग समोरचंही एखादं बघा.”

सोमवारी तोच आमच्या ऑफिसात हजर! चौकाच्या नव्या आराखड्यासाठी संगणकात ठिपक्यांची माणसं चालवणारा. दुपारपर्यंत त्याचं नाव पडलं, ठिपकेवाला.

महिन्याभराने त्याने संगणकाचा पडदा उघडला आणि मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. हजार ठिपके चालत होते. ठिपका ठिपक्याला वाट देत होता. जोडीतले दोघे गर्दीत सुटत, पुन्हा बिलगत. एक थकलेला सावलीला टेकला होता...

“हे सगळं तू शिकवलंस?”

“छे. चौकातली खरी चाल दाखवली फक्त. बाकी यंत्रातल्या त्या बुद्धीने आपलं आपण उमजून घेतलं.” तोही हळूच बोलत होता, देवळात बोलावं तसं.

पण चौकाच्या पूर्वेकडच्या खांबापाशी सगळे ठिपके रेंगाळत. गर्दी तुंबते म्हणजे पदपथ रुंद करायचा; म्हणजे तिथली चप्पल शिवणाऱ्या काकांची टपरी उठणार. संध्याकाळी आराखड्यावर माझी सही व्हायची होती.

“तीन आठवडे सकाळी मी त्याच खांबापाशी मोजत होते,” मी म्हटलं. “तिथे कुणी रेंगाळत नाही. मग तुझेच ठिपके का?”

“पाय दुखत असतील बिचाऱ्यांचे.”

“थट्टा नको. काकांचं पोट आहे त्या टपरीवर.”

त्याने चहाचा कप खाली ठेवला. कान लाल झाले होते.

“सकाळचा कॅमेरा बंद पडला होता. ती उणीव भरायला फोनवर चाल नोंदवत मीच फेऱ्या मारल्या... शेकडो. यंत्राने माझीच चाल उचलली. टपरी राहू दे, चूक माझ्या नावावर लिही.”

“लिहिते. पण कारण काय लिहू? तू का रेंगाळायचास?”

त्याने नुसतं बोट दाखवलं. पडद्यावर हजार ठिपके त्या खांबाशी येत होते, मंदावत होते, जड पावलांनी पुढे सरत होते — आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

“कारण तू तिथे असायचीस, पट्टीवर वाकलेली,” तो म्हणाला. “मला तू आवडतेस. पट्टीत अडखळलो त्या दिवसापासून... यंत्राला कळलं, तुला सांगायचं राहिलं.”