दुसरी बॅटरी

नवऱ्याच्या दुबळ्या हृदयाला पंप बसवला तेव्हा नर्सने मला बजावलं होतं, "ताई, यांची नाडी हाताला लागणार नाही. घाबरू नका. हा पंप ठोके देत नाही, रक्त सतत ढकलत राहतो." पोटातून निघालेली वायर, कमरेला कंट्रोलर, खांद्यावरच्या पिशवीत दोन बॅटऱ्या. एक जागेवर ठेवूनच दुसरी बदलायची. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. असल्या गोष्टींची मला भीती वाटत नाही. भीती होती ती या माणसासोबत आणखी वर्षं काढण्याची. हृदय सुधारलं, जीभ होती तशीच राहिली.

थोड्याच दिवसांत लॅबमध्ये मला घेरी येऊ लागली. अचानक डोळ्यांपुढे अंधार, मग लगेच सगळं ठीक. ईसीजी काढला, रक्त तपासलं. काहीच निघालं नाही. एकदा तर त्याच्याशी फोनवर बोलतानाच टेबल धरावं लागलं.

"काय करत होतास आत्ता?"

"बॅटरी बदलत होतो. का गं, काही झालं का?"

आवाजात काळजी नव्हती. त्याला मजा वाटत होती.

शेवटी मी लेकीकडे कायमची जायला निघाले.

"उद्यापासून तुझी बहीण येईल," मी म्हणाले. "तिला सगळं शिकवलंय."

तो सोफ्यावर ऐसपैस बसला होता. "खुशाल जा. जिना तेवढा सांभाळून उतर."

जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचले आणि वरून कंट्रोलरचा अलार्म ऐकू आला. एकसलग, कर्कश. दोन्ही बॅटऱ्या काढल्याशिवाय तो तसा वाजत नाही.

माझे गुडघे वाकले. श्वास आत जाईना. कठडा धरला, पण बोटांत जीवच नव्हता.

वर तो शीळ घालत होता. पंप बंद पडल्यावर तो शुद्धीवरही राहू शकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

खट्. अलार्म थांबला. छातीत हवा भरली.

मी आणखी एक पायरी उतरले.

अलार्म.

बऱ्याच वेळाने पुन्हा खट्.

बॅग तिथेच टाकून मी वर गेले. दार उघडंच होतं. माझ्याकडे न बघता तो सोफ्यावर जरासा सरकला आणि शेजारची उशी थोपटली.