सातवी पट्टी

प्रदर्शनगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरची तपासणीची खोली भिंगबाईची होती. कागदोपत्री तिचं पद चांगलं भारदस्त होतं, पण गळ्यात सदा लटकणाऱ्या भिंगामुळे सगळे तिला भिंगबाईच म्हणत. आलेलं वस्त्र लांबलचक टेबलावर पसरायचं, कुठं विरलंय, कुठं टाका सुटलाय ते बोटाबोटानं पाहून तक्त्यात लिहायचं, फोटो काढायचे आणि खाली सही ठोकायची. एकदा तिची सही झाली की त्या वस्त्राला कुणी हात लावायचा नाही, अगदी ते करणाऱ्यानंही नाही. नऊ वर्षांत हा नियम कुणी मोडला नव्हता.

सोमवारी झगा आला. शुक्रवारी प्रदर्शन उघडायचं होतं.

झगा करणारी कलाकार तिशीतली, बोलायला चुणचुणीत. तिनं खोकं उघडून झगा असा उचलला, की जणू आत कुणी आहे आणि त्याला उठवून बसवायचंय.

"अकरा पट्ट्या आहेत," ती म्हणाली. "पालं ठोकून गावोगाव फिरणाऱ्या बायकांच्या. लोक ज्यांना दारात उभं करत नसत, त्यांचा हा शृंगार. छातीवर मण्यांची पट्टी बांधायच्या. नक्षी म्हणजेच त्या बाईचं नाव. तोंडानं नाव घ्यायचंच नाही, मणी वाचायचे! ठाऊक होतं तुम्हाला?"

"नाही," भिंगबाई म्हणाली.

"आणि बाई गेली की तिच्या लेकीनं बसून सगळी पट्टी उसवायची. एकेक मणी. त्याशिवाय ती सुटत नाही म्हणे. म्हणून तर न उसवलेल्या पट्ट्या मिळत नाहीत. ह्या अकरा गोळा करायला माझी सहा वर्षं गेली."

भिंगबाईनं भिंग डोळ्याला लावलं ते आपलं तोंड दिसू नये म्हणून. सातवी पट्टी तिनं केव्हाच ओळखली होती.

ती तिच्या आईची होती. लाल कापड, डावखुऱ्या हाताचे उलटे टाके आणि दोऱ्याची टोकं कात्रीनं न कापता दातानं तोडलेली. "कात्री कशाला? दात दिलेत की देवानं," आई म्हणायची. तिचा पुढचा दात अर्धा तुटका होता, त्यामुळे तोडलेलं टोक नेहमी तिरकं यायचं. भिंगाखाली सगळी टोकं तिरकी होती.

आई गेली तेव्हा भिंगबाईला ही नोकरी नुकती लागली होती. माझी आई शिक्षिका होती, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पट्टी उसवायला एक अख्खा दिवस लागतो. तिनं तो दिला नाही. पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून जुने कपडे नेणाऱ्याच्या गाठोड्यात टाकली, आणि तो गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिली.

पट्टीच्या खालच्या अंगाला चार बोटं कापड कोरं होतं. आईच्या नावाखाली लेकीनं स्वतःच्या हातानं आपलं नाव भरायचं, त्यासाठी सोडलेली ती जागा.

"ही अशीच मिळाली?" तिनं विचारलं.

"अशीच. मला आवडली ती कोरी जागा. कुणीतरी यायचं राहिलंय, असं वाटतं."

हिला काही कळलंय का? मुद्दाम तर हे वाक्य टाकलं नाही? भिंगबाईनं तक्त्यात लिहिलं: सातवी पट्टी, खाली चार बोटं कोरं कापड. फोटो काढला, सही केली, खोलीला कुलूप लावलं.

मंगळवारी सकाळी त्या कोऱ्या कापडावर निळ्या मण्यांची एक ओळ होती.

तिनं मणी मोजले. एकोणीस. कालचा फोटो काढून पाहिला. फोटोत कापड कोरं. ती जिना उतरून दारावरच्या रखवालदार काकांकडे गेली. जादा किल्ली त्यांच्या पाठीमागच्या खिळ्यावर असायची.

"काका, वर कोण गेलं होतं?"

"कोण जाणार? तुमच्या खोलीत शिरायचं म्हणजे ताई, मुंगीसुद्धा पाय पुसून जाते."

तिनं ती किल्लीही काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. काकांनी ते पाहिलं आणि रिकाम्या खिळ्यावर आपली टोपी अडकवली.

बुधवारी पाच ओळी झाल्या होत्या.

कलाकार नेमकी तेव्हाच आली. भिंगबाईनं दार आतून लावून घेतलं.

"हे कुणी केलं?"

कलाकार वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. "तुम्ही?" तिनं विचारलं.

"मी? सही झाल्यावर हात लावायचा नाही हे तुम्हाला माहीत होतं. वर मलाच विचारता?"

"अहो मॅडम, मला हा टाका येत असता तर सहा वर्षं पट्ट्या शोधत फिरले असते का? सगळं जोडकाम मशीनवर केलंय. हे बघा." तिनं झगा उलटा केला. आतल्या शिवणी सरळसोट मशीनच्या होत्या. "आणि किल्ल्या कुणाकडे आहेत? दोन्ही?"

भिंगबाईनं पर्स काखेत घट्ट धरली. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. दोघींच्या मनात एकच होतं, की समोरची धादांत खोटं बोलतेय.

त्या पाच ओळींतून एका पाकळीचं टोक निघालं होतं. लहानपणी आई तिला तिचं नाव मातीत बोटानं काढून दाखवायची: तीन पाकळ्या, मधे एक डोळा. तिसरी पाकळी वाकडी. "तू उलटी जन्मलीस ना बये, पाय आधी. म्हणून वाकडी." ही नक्षी जगात त्या दोघी मायलेकींनाच ठाऊक होती.

गुरुवारी तिनं दारावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर आडवी सही केली आणि अधिकाऱ्यांच्या बैठकीला गेली. दोन तासांनी परतली. कागद जसाच्या तसा होता. सही जुळत होती.

आत बारा ओळी पूर्ण झाल्या होत्या. तीन पाकळ्या, मधे डोळा. तिसरी पाकळी वाकडी.

काका चहाचा रिकामा कप घ्यायला वर आले. "ताई, मघाशी चहा नको म्हणालात. आता आणू?"

"मघाशी कधी?"

"अकराच्या सुमाराला. दाराच्या काचेतून विचारलं की मी. तुम्ही मान हलवलीत. बोलणार कशा, दोरा दातात धरला होता." ते हसले. "डाव्या हातानंही शिवता होय तुम्ही? मला ठाऊकच नव्हतं."

भिंगबाई उजव्या हाताची होती. अकरा वाजता ती खालच्या मजल्यावर सात माणसांच्या मधे बसलेली होती.

तिनं भिंग लावलं. शेवटच्या मण्याजवळ दोऱ्याचं टोक तिरकं तुटलेलं होतं. तिनं बोट लावून पाहिलं. टोक ओलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत कलाकार पाट्यांचे कागद घेऊन आली. प्रत्येक पट्टीखाली एक पाटी लागायची होती. सातव्या पट्टीसमोर ती थांबली. आज तिचा आवाज निराळा होता, हळू.

"मॅडम, मी भांडायला आले नाही. तुम्ही ही पट्टी बघता ना, तेव्हा मी तुम्हाला बघते. ही कुणाची हे तुम्हाला माहीत असेल, तर सांगा. एवढ्या अकरा जणींत एकीला तरी तिचं माणूस मिळू दे. मी पाटीवर लिहीन. हवं तर ही पट्टी काढून तुमच्या हातात देईन."

एवढं बोलायचं होतं, की माझ्या आईची. नऊ वर्षं सांगत आलेली शिक्षिका आई एका वाक्यात पुसली गेली असती. उद्या काका, बैठकीतली सात माणसं, सगळे तिच्याकडे निराळ्या नजरेनं पाहणार होते.

"मला काय माहीत असणार?" भिंगबाई म्हणाली. तिनं पाटी पुढं ओढली आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: अज्ञात.

शुक्रवारी ती लवकर आली. दार उघडताना काका तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

"माफ करा हं ताई. एक क्षण ओळखलंच नाही. वय झालं."

ती वर गेली. काल जाताना नव्यानं चिकटवलेली कागदाची पट्टी शाबूत होती. आत टेबलावर, तिची टाचण्या ठेवायची काचेची वाटी झग्याजवळ सरकवलेली होती. टाचण्या बाजूला नीट रचल्या होत्या. वाटीत निळे मणी होते.

आईच्या नावाचा एकही टाका हलला नव्हता. खालच्या नावाची पहिली ओळ उसवलेली होती.

तिनं वाटीतले मणी मोजले. एकोणीस.

उसवतात ते गेलेल्या बाईचं.

ती पाटीकडे धावली. पेन काढून तिनं 'अज्ञात'वर काट मारली. खाली लिहिलं: 'हिची आई'. आईचं नाव तोंडानं कुणी घेतलंच नव्हतं; लिहायचं तर लेकीच्या नावानंच लिहायला हवं होतं. 'हिची'च्या आधी तिनं आपल्या नावापुरती जागा सोडली होती.

खाली दार वाजलं. कलाकाराचा आवाज आला, "काका, वर दिवा दिसतोय. कोण आलंय?"

"कुणी बाई आहेत," काका म्हणाले. "मघाशी नाव विचारायचं राहिलं."

भिंगबाईनं पेनचं टोक कोऱ्या जागेवर टेकवलं. टेकवूनच ठेवलं. आपल्या नावाचं पहिलं अक्षर आठवेना. शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला.

तिच्या मागं, काचेच्या वाटीत, एक मणी पडला.