तळपायांची तपासणी

तपासणीची तारीख कळली की वृद्धाश्रम एकदम शहाणे होतात. ट्रंकेतल्या घडीच्या चादरी बाहेर येतात, फिनेलचा वास फाटकापर्यंत येतो, म्हाताऱ्यांचे चेहरे धुऊन, भांग पाडून त्यांना ओळीनं बसवतात. म्हणून मी चेहऱ्यांकडे बघतच नसे. सरळ पांघरूण उचलून तळपाय बघायची. ते धुवायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. वृद्धाश्रमांची सरकारी निरीक्षक म्हणून अकरा वर्षं नोकरी झाली होती आणि त्यात मी एकही खोटा शेरा लिहिला नव्हता.

१९७२च्या मार्चमध्ये मुलुंडला गेले ती न कळवताच. पूर्वेला, मिठागरांच्या कडेला हा आश्रम होता. बैठी इमारत, सव्वीस माणसं, भाऊराव नावाचे निवृत्त शिक्षक व्यवस्थापक आणि शकु ही दणकट आया. चादरी विटलेल्या पण स्वच्छ होत्या. आमटी चाखली, ती माझ्या घरच्यापेक्षा बरी निघाली. भाऊरावांना हे सांगितलं नाही. कौतुक केलं की माणसं सैलावतात.

शेवटच्या खोलीत कृष्णाबाई होती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, डोक्यावर टोपली घेऊन घाटकोपरपर्यंत पायी जाऊन मासे विकलेली. सहा वर्षांपूर्वी कमरेखाली लुळी पडली होती. मी पांघरूण उचललं.

दोन्ही तळपायांना करडा चिखल होता, ओला. कडेनं वाळत आला होता तिथं मिठाची पांढरी रेघ उमटली होती.

"हिला बाहेर कोण नेतं?"

"कुणीच नाही, बाई. हिला नुसतं कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात," भाऊराव म्हणाले.

"मग हे काय?"

भाऊरावांनी वाकून पाहिलं. शकुनं मान खाली घातली. "मी रोज धुते, बाई. दुपारची झोपून उठली की पुन्हा असतं. सांगणार कुणाला? मलाच वेडी म्हणतील."

मला संताप आला. म्हातारीला फरफटत कुठं कामाला नेतात की काय? मी पाय तपासले. पोटऱ्या काडीसारख्या, टाचणी टोचली तरी हलत नव्हत्या. पण टाचांना घट्टे होते. सहा वर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाची टाच लोण्यासारखी मऊ होते. मी शेकडो पाहिल्या होत्या.

माझ्या फॉर्मात सातवा रकाना होता, 'स्वतःच्या पायांनी चालतात का?' तिथं 'नाही' लिहिलं की त्या माणसाला शहरातल्या रुग्णालयाच्या कायमच्या वॉर्डात हलवायचं, असा नवा नियम निघाला होता. आश्रमात डॉक्टर नव्हता, तेव्हा नियमात चूक काढता येत नव्हती. कृष्णाबाईच्या कानावर तो आधीच गेला होता.

"मना हितून हलवू नको गं," तिनं माझा हात घट्ट धरला. "तिथं खाडी नाय."

मी बादली मागवली आणि तिचे पाय स्वतः घासून धुतले, पुसून कोरडे केले. भाऊराव आणि शकुला बाहेर काढून आतून कडी लावली. खिडकीला गज होते. मी स्टुलावर बसले. म्हातारीनं माझा हात सोडला नव्हता, आणि सोडवून घ्यावासा मलाही वाटेना. एक वाजला होता.

ती झोपली. फरशीवरचं ऊन हळूहळू सरकत होतं. लांबून मिठागरातल्या फावड्यांची खरखर येत होती. मी जागी होते, हे शपथेवर सांगते. अडीचच्या सुमारास तोंडावर खारा वारा आला. खिडकीचा पडदा मात्र हलला नाही.

तिचा श्वास वाढला. भरभर चालणाऱ्या माणसाला लागते तशी धाप लागली. कपाळावर घाम आला.

मग ती झोपेतच हसली.

तीन वाजता तिनं डोळे उघडले. मी पांघरूण उचललं.

चिखल ओला होता. बोटांच्या बेचक्यात गवताची हिरवी काडी अडकली होती.

दाराची कडी जागेवर होती.

मी घाबरले. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला, इतका की डोळे भरून आले. मांडीवर फॉर्म घेतला आणि सातव्या रकान्यात 'होय' लिहिलं. शेजारी पुराव्याची जागा होती, तिथं 'तळपाय पाहिले' असं लिहून सही ठोकली. म्हातारी इथंच राहणार हे कळल्यावर शकु पदर तोंडाला लावून रडली, आणि भाऊराव चष्मा पुसत बसले.

पाच वाजता मी मिठागराच्या बांधावरून बसच्या रस्त्याला निघाले. मिठाचे ढीग लावणारा एक माणूस पाणी पीत उभा होता. शिवदास त्याचं नाव. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आश्रमातलं कुणी येतं का हो इकडे फिरायला?"

"येते ना, एक कोळीण म्हातारी. रोज दुपारी. काय झपझप चालते! आपल्याला नाय जमणार." मग तो डोळे बारीक करून माझ्या साडीकडे बघायला लागला. "आज तुम्हीपण होता ना, बाई? हात धरून चाललेल्या दोघी."

मी मान वळवून मागच्या बांधाकडे पाहिलं.

"येताना मात्र ती एकटीच आली," शिवदास म्हणाला. "मी विचारलं, बाई कुठं राहिल्या? तर म्हणते, येईल सावकाश. तिला अजून चालायचंय."