पहिलं उत्तर

आमडोंगरीत चादर दोनदा झटकावी लागते. एकदा वाळत घालताना आणि एकदा काढताना, कारण वीज प्रकल्पाची राखड मधल्या दोन तासांत तिच्यावर बसतेच. प्रणोती उरकुडे गच्चीवर दुसऱ्यांदा चादरी झटकत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. संदेश अभ्यास केंद्राचा होता.

'श्रीमती मंदा पांडुरंग उरकुडे यांनी अठ्ठाविसाव्या फेरीतील त्रेचाळीस प्रश्नांची उत्तरे दिली. प्रकृती: चांगली. श्वसनाचा त्रास: नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.'

मंदाबाई, म्हणजे प्रणोतीची आई, चार महिन्यांपूर्वी गेली होती. फुप्फुसं दगडासारखी झाली आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. शेवटचे अकरा दिवस ती बोलू शकत नव्हती, पाटीवर लिहायची. अकराव्या दिवशी पाटी कोरी राहिली.

प्रणोतीने संदेश तीनदा वाचला. मग चादरीची नीट घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि खाली आली.

ती कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. ही उत्तरं आईच्या छायेने दिली आहेत हे तिला कळलं, आणि छाया म्हणजे काय हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. चौदा वर्षांपूर्वी नागपूरच्या एका केंद्राने राखडीच्या पट्ट्यातल्या दोन हजार नऊशे घरांचा अभ्यास सुरू केला. हवा, पाणी, दमा, मुलांची शाळा, दवाखाना, मतदान, सगळंच त्यात होतं. दर सहा महिन्यांनी क्षेत्रसेविका घरी येऊन तेच प्रश्न विचारायची. बारा वर्षांनी क्षेत्रसेविकांचं अनुदान बंद झालं, आणि केंद्राने प्रत्येक माणसाच्या जुन्या उत्तरांवरून त्याची एक संगणकीय प्रतिकृती तयार केली. तिचं नाव छाया. मूळ माणसाने आज काय उत्तर दिलं असतं, ते छाया सांगायची. कुणाच्या दारात जायला नको, कुणाचा वेळ मोडायला नको. संमतीच्या कागदावर मंदाबाईची सही होती. प्रणोतीनेच ती बोट ठेवून कुठे करायची ते दाखवलं होतं.

पुढच्या सोमवारी गावात जनसुनावणी होती. शाळेच्या बाजूला राखड साठवायचा तिसरा तलाव करायचा की नाही, यावर. प्रकल्पाने जोडलेल्या अहवालात याच केंद्राचा आकडा होता: दोन वर्षांत श्वसनाच्या तक्रारी एकतीस टक्क्यांनी घटल्या. त्या एकतीस टक्क्यांत आपली आईही आहे, हे प्रणोतीला आता कळलं. तिचं मरण बरं होण्याच्या खात्यात जमा झालं होतं.

ती आधी चंद्रकला मेश्राम यांच्याकडे गेली. बारा वर्षं प्रणोतीच्या गल्लीत प्रश्न विचारत फिरलेल्या क्षेत्रसेविका त्याच. आता शिवणकाम करत होत्या. संदेश वाचून त्यांनी मशीनवरचा पाय काढला.

"मंदाबाई बऱ्या आहेत म्हणते हे? हिच्या तोंडाला काही लाज?" त्या फोनकडे बघत म्हणाल्या, जणू फोन समोर बसलेली बाईच होती.

मग त्यांनी जे सांगितलं, ते कुठल्याच अहवालात नव्हतं. पट्ट्यातल्या बाईला कसं आहे विचारलं की ती बरं आहे म्हणते. पाहुणीसमोर रडगाणं गायचं नसतं. नियम असा की पहिलं उत्तर येईल त्यावरच खूण करायची, खोदून विचारलं तर आपण उत्तर तिच्या तोंडी घातल्यासारखं होतं. चंद्रकलाबाई रकान्यात 'बरं' वर खूण करायच्या, पेन मिटवायच्या आणि गप्प बसून राहायच्या. चहा व्हायचा. मग एकदम बाई बोलायला लागायची. ते सगळं त्या समासात बारीक अक्षरांत लिहून ठेवायच्या, वरचे साहेब कधीतरी वाचतील म्हणून.

"फॉर्म स्कॅन केले तेव्हा मी होते तिथं," त्या म्हणाल्या. "मशीनमध्ये बसावं म्हणून कडा कापून टाकल्या, पोरी. कटरनं. एका दुपारात माझी बारा वर्षं पोत्यात भरली."

आपल्या एका गल्लीत या दोन वर्षांत किती माणसं गेली, तेही त्यांनी बोटांवर मोजलं. सहा.

दुसऱ्या दिवशी प्रणोती नागपूरला केंद्रात गेली. डॉ. निरंजन भोयर अभ्यासाचे प्रमुख होते. पन्नाशीचे, सौम्य, खुर्चीतून उठून नमस्कार करणारे. त्यांनी मनापासून खेद व्यक्त केला, आणि प्रणोतीला त्याचाच जास्त राग आला. उद्धट माणसाशी भांडणं सोपं असतं.

मृत्यूची नोंद क्षेत्रसेविका घरी गेली की करायची, असं त्यांनी समजावलं. आता क्षेत्रसेविका नाहीत, त्यामुळे तो रकाना रिकामा राहतो. रकाना रिकामा असला की छाया उत्तर देत राहते.

"दोन वर्षांत दोन हजार नऊशे घरांत किती माणसं मेली, सर?"

भोयरांनी पडद्यावर पाहिलं. "नोंद नाही."

"म्हणजे तुमच्या अभ्यासात माणूस मरूच शकत नाही."

"तुमच्या आईंची छाया मी आत्ता काढून टाकतो," ते घाईने म्हणाले. "तुमच्यासमोर."

"नको. मेलेली माणसं काढलीत की उरलेली आणखी धडधाकट दिसतील. मला तिला पुन्हा प्रश्न विचारायचा आहे."

नोंदीतल्या प्रत्येक घराला आपली माहिती तपासायचा हक्क होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी टेबलावरचा ध्वनिक्षेपक तिच्याकडे वळवला. प्रणोतीने हात मांडीवर ठेवले. तिला वाटलं होतं यंत्राचा आवाज येईल. आवाज आईचाच होता, दम लागायच्या आधीचा, भरदार. छायेला बोलणं शिकवलं होतं ते ध्वनिमुद्रणांवरून. क्षेत्रसेविका खरंच घरी गेली की नाही हे पडताळायला तिच्या गळ्यात एक ध्वनिमुद्रक अडकवलेला असायचा.

"श्वासाचा काही त्रास होतो का?" प्रणोतीने विचारलं.

"नाई बाई. बरं हाये."

भोयरांनी हात पसरले, म्हणजे बघा, असं. प्रणोती बोलली नाही. ध्वनिमुद्रक गळ्यात असायचा, तर तो चहाच्या वेळीही गळ्यातच असणार, म्हणजे तेव्हाचं बोलणंही छायेजवळ असणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा तीन वेळा फिरला. भोयर चुळबुळले, पाणी हवं का विचारायला तोंड उघडलं, तिने बोटाने त्यांना थांबवलं. मग, कोणी काहीही न विचारता, आईचा आवाज आला. खाली उतरलेला.

"आता तुमाले का सांगू. आडवं झालं का छातीवर कोणी बसल्यावानी वाटते. भिताडाले टेकूनच रात काढावं लागते. प्रणोतीले नोको सांगू, तिची परीक्षा हाये."

हे उत्तर ज्यावर बेतलं होतं, त्या मूळ ध्वनिमुद्रणाची तारीख पडद्यावर उमटली. अकरा वर्षांपूर्वीची. ती प्रणोतीच्या एम. एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेच्या दिवसांतली होती. आई भिंतीला टेकून बसलेली असायची, आणि प्रणोती दिव्याखाली वाचत तिला म्हणायची, तू झोप ना गं, कशाला माझ्यासाठी जागतेस.

तिने डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर भोयरांना बोलायला सवड मिळाली असती.

"या छायेला माहीत होतं," ती म्हणाली. "दोन हजार नऊशे घरांचं सगळं या यंत्राला माहीत आहे. तुम्ही एकदा विचारता, 'बरं आहे' ऐकता आणि निघून जाता. चौदा वर्षं."

"पद्धतीप्रमाणे पहिलंच उत्तर घ्यावं लागतं. आणि हे छायेचं बोलणं आहे, याला पुरावा म्हणता येणार नाही."

"मग तुमचा अहवाल कशावर लिहिलाय?"

भोयरांनी संभाषणाचं ध्वनिमुद्रण तिच्या फोनवर पाठवलं, त्याची लेखी प्रत काढली, खाली केंद्राचा शिक्का मारला आणि सही केली. त्या सहीबद्दल त्यांना मोठं मानायचं नाही, असं प्रणोतीने जिना उतरताना ठरवलं.

सोमवारी शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. चारशे माणसं आली होती. सुनावणीला जिल्ह्याचे एक अधिकारी होते, शेजारी प्रकल्पाचे वकील. प्रणोतीने माईक घेतला, भाषण केलं नाही. फक्त पहिलं उत्तर ऐकवलं. मग मांडवात पूर्ण तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, अशी विनंती केली. लोक खरंच गप्प राहिले. मग दुसरं उत्तर. बायकांच्या बाजूने कोणीतरी "माय" एवढंच म्हणालं.

वकील उठले. त्यांचा आवाज शांत होता. "साहेब, या बाई हयात नाहीत. मृत व्यक्तीचं म्हणणं सुनावणीत नोंदवता येत नाही. माझी हरकत आहे."

"मान्य," प्रणोती म्हणाली. "मग अहवालाचं पान एक्केचाळीस काढा. तिथे घर क्रमांक सतराशे बारामध्ये मंदा उरकुडे जिवंत आहे. प्रकृती चांगली आहे. तिच्यासारखी अजून किती मेलेली माणसं त्या पानावर बरी आहेत, ते ना मला माहीत, ना केंद्राला. आमच्या गल्लीतली सहा मी नावानिशी सांगते."

अधिकाऱ्यांनी पान काढलं. ओळीवरून बोट फिरवलं, थांबवलं. इतिवृत्त लिहिणारा कारकून पेन उचलून त्यांच्याकडे पाहत होता. मंदाबाई मेलेली धरली तर अख्खा अहवाल तिच्याबरोबर जाणार होता. जिवंत धरली तर तिचं म्हणणं लिहून घ्यावं लागणार होतं.

"मॅडम," अधिकारी शेवटी म्हणाले, "मी काय लिहू? तुमच्या आई आहेत की नाहीत?"

प्रणोतीने माईक खाली ठेवला. आता तो लागणार नव्हता, इतकं मैदान शांत होतं.

"मी चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतं, साहेब. तेव्हा कोणी विचारायला आलं नाही. आता हे तुम्ही सांगा. तुम्हाला ती कशी परवडते, जिवंत की मेलेली?"