रावसाहेबांच्या पितळी बिजागऱ्या

"चोर घरातच बसलाय. फक्त बेड्या घेऊन या."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब मारुतीरावांचा गडी भरमू हा निरोप घेऊन निपाणीच्या ठाण्यात आला. फौजदार सिद्राम देसाई यांनी चहाचा कप खाली ठेवला. चोर आधीच ठरवून मग पोलिसाला बोलावणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं.

तो काळ एकोणीसशे चौतीसचा. तंबाखूवर पैसा केलेली माणसं निपाणीत तेव्हा पुष्कळ होती, पण रावसाहेबांइतका तो कुणी मिरवला नव्हता. कलेक्टरच्या बंगल्यावर त्यांना एकदा व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं. घरी येऊन त्यांनी तसाच बंगला बांधायला काढला. आत बोलावणं झालं नव्हतं, म्हणून बाहेरून दिसलं तेवढंच त्यांनी उतरवलं. व्हरांड्याच्या टोकाला एक खिडकी तर निव्वळ जोडी जमावी म्हणून होती. चौकट होती, हिरव्या झिलमिलीची झडपं होती, आणि मागं भिंत.

"ही उघडत नाही?" फौजदारांनी जाता जाता विचारलं.

"शोभेची आहे," रावसाहेब म्हणाले. "तुम्हाला नाही कळायचं."

ते फौजदारांना घेऊन माजघराजवळच्या एका बंद दारापाशी आले. दाराशेजारी भिंतीला टेकून त्यांची सून इंदू बसली होती. तिच्याकडं न बघता त्यांनी सुरुवात केली.

"हे डोअर, सागवानी. हे लॉक, मुंबईचं. चावी एकच, ती हिच्या कमरेला. आत आमच्या कैलासवासी मंडळींची पुतळ्यांची माळ होती, पेटीत. काल दुपारी सीमोल्लंघनाला निघण्यापूर्वी मी स्वतः पाहिली. संध्याकाळी हिनं दार उघडलं तर पेटी रिकामी. लॉक शाबूत. खिडकीचे गज शाबूत. आता चोर कोण ते सांगा."

"ते तुम्हीच सांगितलंत की."

"हिच्या बापाला चिकोडीकडनं बोलावलंय. दुपारी येईल. फिर्याद मी सही करून ठेवलीय. चोरीचा शिक्का बसल्याशिवाय ही माणसं गप्प बसत नाहीत." मग आवाज खाली आणत ते म्हणाले, "बेळगावच्या मोठ्या कंत्राटदारांकडं आमच्या चिरंजीवांचं, जोतिरामाचं, जाणं-येणं आहे. त्यांची मुलगी बाजाची पेटी वाजवते. अशा लोकांना आम्ही काय तोंड दाखवायचं?"

इंदूनं मान वर केली. "मी न्हाई घेतली, साहेब. आबा येतील तवा त्यांच्या म्होरं मला चोर म्हणू नका एवढं. त्येंचा जीव जाईल."

ती रडली नाही. फौजदारांना तिचं ते न रडणं रावसाहेबांच्या सगळ्या भाषणापेक्षा खरं वाटलं.

"आधी पंचनामा," ते म्हणाले, आणि बरोबरच्या हवालदारानं कागद काढला. "दाराचा एकेक भाग नावानिशी लिहायचा. आणि घरातल्या प्रत्येकानं तो ओळखून सांगायचा, वेगवेगळा. माझी तशी पद्धत आहे. रावसाहेब, हे काय?"

"फ्रेम."

"पंचनामा मराठीत आहे."

"चौकट."

"आणि ही?"

रावसाहेबांनी पितळेच्या झळझळीत बिजागरीकडं पाहिलं आणि ते अडले. "हिंज. म्हणजे ते… पितळेचं असतं ते…"

आतून त्यांच्या थोरल्या विधवा बहीण यशोदाबाई हसल्या. "बिजागरी म्हनत्यात तिला, मारुती! बंगला बांधलास आन् बिजागरी इसरलास व्हय?"

"लोकांच्या बिजागऱ्या खोलीच्या आतल्या बाजूला असतात," फौजदार म्हणाले. "तुमच्या बाहेर कशा?"

"दार बाहेर उघडतं म्हणून. मीच तसं करवून घेतलं. एवढं भारी पितळ आत लावून कुणाला दाखवायचं होतं? आल्या-गेल्याला दिसायला नको?"

"नको कसं? दिसायलाच पाहिजे." फौजदारांनी बिजागरीच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या पितळी बोंडावर बोट ठेवलं. "हे?"

"गोंडा. शोभेचा. एकसंध ओतीव काम आहे."

फौजदार दारापुढं उकिडवे बसले. सगळ्यात वरच्या बिजागरीच्या माथ्यावर कुंकवाचं बोट होतं. सगळ्यात खालच्या बिजागरीच्याही माथ्यावर होतं. मधल्या बिजागरीचं कुंकू मात्र खालच्या गोंड्याच्या बुडाशी होतं.

"खंडेनवमीचं," रावसाहेब म्हणाले. "घरातलं सगळं लोखंड-पितळ पुजतो आम्ही. सूनबाई वेंधळी. कुठंही बोट लावते."

इंदूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आम्ही त्येला कळस म्हनतो. तिन्ही कळसांच्या माथ्याला मीच कुंकू लावलं, परवा सकाळी. बुडाला कशाला लावीन? देवाला टिळा कुणी हनवटीला लावतं व्हय?"

"काल दुपारी घरी आली होतीस?"

"आल्ते. देवळातनं आरतीचं ताट न्यायला. ह्या दाराकडं फिरकले बी न्हाई."

यशोदाबाई दुपारभर घरातच होत्या, पण झोपल्या होत्या. त्यांची झोप म्हणजे घोरण्याचा कारखाना, हे भरमूनं न विचारता सांगितलं. भरमू स्वतः घोड्याला वैरण टाकायला येऊन गेला होता. दारावरचं पितळ तो चिंच लावून घासतो. गोंड्याबद्दल विचारल्यावर तोही म्हणाला, "ओतीव हाय, साहेब. घट."

शेवटी जोतिराम आला. इंदूचा नवरा, बेळगावात कॉलेजात शिकणारा, मऊ आवाजाचा. घरात एवढ्या लोकांत तिच्या बाजूनं बोललेला तो एकटाच.

"साहेब, तिला अटक नको. आप्पांना मी समजावतो. वडिलांबरोबर तिला माहेरी जाऊ द्या, झालं. चौकशी, झडती, कशाला आणखी शोभा?"

"फार मोठं मन आहे तुमचं. मग ती परत कधी यायची?"

जोतिरामनं खाली पाहिलं. "आता परत कशी येईल?"

"खरं आहे. काल दुपारी कुठं होता?"

"सीमोल्लंघनालाच. मध्ये फक्त कोट बदलायला आलो होतो. चिखल उडाला होता."

"बरं. हे एवढं सांगा, की सुटलात. हे काय?"

"चौकट."

"हा?"

"उंबरा."

"ही?"

"बिजागरी."

"आणि हे तिच्या टोकाचं?"

"ती फिरकी."

"लिहा, हवालदार. फिरकी." फौजदार उठले. "सगळ्यांना व्हरांड्यात बोलवा."

व्हरांड्यात रावसाहेबांनी आपली वेताची खुर्ची घेतली. त्याच वेळी फाटकाशी टांगा थांबला आणि इंदूचे वडील भावकू उतरले. घाबरलेला, पागोटं सावरणारा साधा शेतकरी. रावसाहेबांनी त्यांना बस म्हटलं नाही. फौजदारांनी म्हटलं, आणि आपली खुर्ची पुढं केली.

"रावसाहेब, तुमचं कुलूप उत्तम आहे," फौजदार म्हणाले. "मुंबईचं आहे, त्याला कुणी हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. दाराला दोन कडा असतात. तुम्ही एका कडेला कुलूप लावलं आणि दुसरी कड चोराच्या हातात दिली, आल्या-गेल्याला दिसावी म्हणून. ह्या बिजागरीत एक उभी कांब आहे. तिच्या एका टोकाचं बोंड कांबेलाच जोडलेलं, दुसऱ्या टोकाचं आट्यांवर बसलेलं. ते फिरवून काढलं की कांब उपसून हातात येते. तिन्ही कांबा काढल्या की दार बिजागरीच्या बाजूनं ओढून बाजूला होतं, आणि कुलूप आपलं शाबूत राहतं, मुंबईचं."

"अशक्य!" रावसाहेब उसळले. "ओतीव आहे ते!"

"भरमू, मधली काढ."

भरमूनं आत जाऊन गोंडा पिळला. तो फिरून सुटला, आणि भरमू तो हातात घेऊनच बाहेर आला. भरमूच्या तोंडचं पाणी पळालं, आणि रावसाहेबांच्याही.

"चोरानं कांबा परत घातल्या, पण घाईत मधली उलटी घातली. दोन्ही टोकांची बोंडं सारखी दिसतात ना. म्हणून माथ्याचं कुंकू बुडाला गेलं. म्हणजे खंडेनवमीनंतर ती कांब निघाली होती. आणि चावी असलेल्या माणसाला कांब काढायची काय गरज? इंदूबाई इथंच सुटल्या. उलट, ज्यानं काढली त्याला चावीवालीवरच आळ यायला हवा होता."

फौजदारांनी हवालदाराकडून पंचनाम्याचा कागद घेतला.

"आता कोण? रावसाहेब त्याला ओतीव गोंडा म्हणतात. रोज घासणारा भरमूही ओतीव म्हणतो. इंदूबाई कळस म्हणतात आणि पुजतात. ते फिरतं, हे ह्या घरात कुणालाच ठाऊक नाही. एकट्या जोतिरामनं त्याला फिरकी म्हटलं. हा माल बेळगावच्या दुकानातून कुणी आणला, रावसाहेब?"

रावसाहेब मुलाकडं बघत राहिले. "जोतिरामच गेल्ता," यशोदाबाई बोलून गेल्या.

"दुकानदारानं उघडून दाखवलं असेल. ह्याला बेळगावच्या त्या कंत्राटदाराची मुलगी करायचीय, आणि कंत्राटदार सवतीवर मुलगी देणार नाही. म्हणून सवत चोर ठरवून घालवायची. माळ विकायची नव्हतीच त्याला, फक्त नाहीशी करायची होती, म्हणून झडतीची एवढी भीती. ह्या घरात कुणी कधी उघडणार नाही अशी एकच जागा आहे, आणि तिलाही ह्याच बिजागऱ्या आहेत."

ते व्हरांड्याच्या टोकाला गेले. शोभेच्या खिडकीच्या फिरक्या त्यांनी स्वतः सोडवल्या, कांबा उपसल्या आणि झिलमिलीचं झडप बाजूला केलं. भिंत आणि झडप यांच्या फटीत, रुमालात गुंडाळलेली, पुतळ्यांची माळ होती. रुमाल जोतिरामचा होता.

जोतिराम इंदूकडं वळला. "मी तिला तुरुंगात नसतो जाऊ दिलं," तो पुटपुटला.

"व्हय," यशोदाबाई थुंकल्यासारखं बोलल्या. "जित्ती माती करून सोडनार हुतास. लई दयाळू!"

रावसाहेब एकदम उठले. आवाजातली सगळी इंग्रजी गळून गेली होती. "फौजदारसाहेब, घरातलीच गोष्ट हाय ही. पोरगं चुकलं. फिर्याद माझीच, मी मागं घेतो. सूनबाई, तू आत जा. भावकूअण्णा, बसा, च्या घ्या."

फौजदारांना त्या क्षणी त्यांची इतकी किळस आली, की त्यांनी तोंड फिरवलं. ते इंदूला म्हणाले, "फिर्याद ह्यांची असली तरी आळ तुमच्यावर होता. तुम्ही म्हणाल तसं करतो. घरातल्या घरात मिटवू?"

भावकूंनी मुलीचा हात धरला होता. "नवरा हाय तुझा, पोरी," ते हळूच म्हणाले. "इचार कर."

"केला, आबा." इंदूनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "मी चोर हाय म्हनून मामंजींनी सकाळपासनं गल्लीभर सांगितलंय. मी चोर न्हाई, हे आत बसून मिटवलं तर कुनाला कळंल? साहेब, ह्येंला बाजारातनं चालवत न्या."

फाटकाबाहेर तोवर माणसं जमली होती. फौजदारांनी जोतिरामकडं बोट करून हवालदाराला खूण केली.