खिडकीतला उघडा चाकू

आता तुम्हीच सांगा, एखाद्या अनोळखी माणसाने हातात उघडा चाकू दिला आणि पळ काढला, तर बाईमाणसाने काय करायचं?

ओडेसा टॅकेट जत्रेच्या मैदानावर, पत्र्याच्या शेडखाली अगदी याच अवस्थेत उभी होती. डाव्या हातात मिस बर्नीसच्या स्टॉलवरची गरमागरम सफरचंदाची करंजी, उजव्या हातात उघडा चाकू, आणि तोंडावर असा काही भाव की विचारायची सोय नाही.

ऑक्टोबरचा शनिवार होता. टेनेसीच्या डोंगरातल्या चाकूवाल्यांचा वर्षातला मोठा मेळावा. टेबलांवर मखमली कापडं, कापडांवर आजोबा-पणजोबांचे घडीचे चाकू, आणि प्रत्येक टेबलामागे आपल्या चाकूची गोष्ट सांगायला टपून बसलेला एक माणूस. विकणारे थोडे, दाखवणारेच फार. ओडेसा अशाच एका टेबलाशी थांबली होती. हरणाच्या शिंगाच्या मुठीचा चाकू, छोटासा, देखणा.

"बघू का?" तिने विचारलं होतं.

"बघा ना..." त्याने पातं उघडलं, मूठ तिच्याकडे केली. लांब बोटं, नाकावर ठिपके, आणि हसताना एक भुवई जरा वर.

तेवढ्यात वारा सुटला. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजायला लागला, शेडच्या टोकाची ताडपत्री सुटून फडफडली आणि एकच ओरडा झाला, "टेबलं झाका! टेबलं!" चाकूवाल्यांना पाण्याचं भारी वावडं. सगळे धावले. तोही धावला. आणि ओडेसा राहिली हातात त्याचा चाकू घेऊन.

मिटून खिशात टाकायचा की, असं तुम्ही म्हणाल. छे! या मंडळींची एक रीत आहे. चाकू ज्याने उघडला, मिटायचाही त्यानेच. दुसऱ्या कोणी मिटला तर दोघांचं वाकडं येतं म्हणे. ओडेसाचा तसा कशावर विश्वास नव्हता, काळं मांजर तर तिच्या उशाशी झोपायचं. पण ही रीत ती दुधाचे दात होते तेव्हापासून पाळत आली होती.

मग काय, निघाली शोधत. वाटेत मिस बर्नीसने टोमणा मारलाच, "अगं, नवरा शोधतेस की शिकार?"

तो सापडला शेडच्या टोकाला. ताडपत्रीचा दोर दोन्ही हातांनी ओढून धरलेला, केसांतून पाणी निथळतंय.

"तुमचा चाकू," ती म्हणाली.

"तुमची करंजी गार होतेय," तो म्हणाला.

"हा मिटा आधी."

"हात कुठे मोकळे आहेत? दोर सोडला तर तुमच्या मिस बर्नीस भिजतील."

"म्हणजे मी अशीच उभी राहू?"

"माझी काही तक्रार नाही."

आगाऊच आहे मेला, असं ओडेसाला वाटलं. आणि आवडलंही, खोटं कशाला बोला. तिने करंजी त्याच्या तोंडासमोर धरली. "आ करा. गार होण्यापेक्षा बरं."

त्याने घास घेतला, तो भलताच मोठा. ओठाला साखर लागली, ती त्याला कळली नाही. तिला कळली, पण ती सांगेना.

दोर बांधून झाल्यावर दोघं बाकावर बसली. त्याचं नाव हॉलिस. डोंगराच्या पलीकडून, तीन तासांवरून आलेला. शाळांच्या बँडमधली ट्रम्पेटं दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं.

"आता हात मोकळे आहेत," ती म्हणाली. "मिटा की."

"मिटला की तुम्ही जाल."

"मग?"

"मग... नाही मिटत."

ओडेसाने मान वळवली, कारण हसू आवरत नव्हतं. पाऊस आणखी तासभर पडला असता तरी तिची हरकत नव्हती.

"खरं सांगू?" तो एकदम गंभीर झाला. "मी एका माणसाला शोधायला आलोय. आणि तो भेटू नये असंही वाटतंय. माझ्या हातून फार मोठा घोळ झालाय."

"कोण माणूस?"

"लोवेल टॅकेट."

आता ओडेसाने सांगायला हवं होतं, की ते माझे वडील. पण जिभेवर खोडकरपणा आला. "का बरं?" एवढंच म्हणाली.

त्याने पिशवीतून सिगारची जुनी लाकडी पेटी काढली. झाकणावरचं अक्षर ओडेसाचं स्वतःचं होतं.

या पेटीत डॅडींचा चाकू होता. पिवळ्या मुठीचा, तीन पात्यांचा. चाकूवाल्यांच्या गटात ही पेटी घरोघर फिरायची. ज्याच्याकडे येईल त्याने आठवडाभर चाकू खिशात बाळगायचा, वापरायचा, सोबतच्या वहीत चार ओळी लिहायच्या आणि टपालाने पुढच्याला धाडायचा. डॅडींची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली, पात्याच्या खाचेत नख बसेना, तेव्हा त्यांनीच म्हटलं होतं, "माझ्याच्याने उघडत नाही, पण पडून का राहावा त्याने? जाऊ दे चार घरी."

"मोठ्या पात्यावर गंजाचा एक ठिपका दिसला," हॉलिस सांगत होता. "वाटलं, परक्याची वस्तू, डागासकट कशी परत द्यायची? दुकानात पितळ घासायचं चाक आहे. तेवढा ठिपका काढणार होतो, देवाशपथ. पण दिवसभर ट्रम्पेटं चमकवणारा हात... सवयीने चालत राहिला. अर्ध्या मिनिटात..."

त्याने पातं उघडलं. लख्ख. ओडेसाला त्यात स्वतःचा चेहरा दिसला.

एकतीस वर्षं डॅडींनी रोज जेवणानंतर याच पात्याने एक सफरचंद कापलं होतं. अर्धं स्वतःला, अर्धं आईला. भांडण झालेलं असो की ताप आलेला असो, अर्धं आईचंच. त्या रसाने पात्याला पारव्याच्या मानेसारखा निळा-करडा रंग चढला होता. जुन्या चाकूवाल्यांना असा रंग सोन्याहून प्यारा, पण इथे गोष्ट त्याच्याही पलीकडची होती. आई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि हा रंग मागे राहिला होता. काल-परवापर्यंत तरी होता.

"मिटा तो," ती म्हणाली. आवाज असा, की हॉलिसने काही न विचारता मिटला. टक्.

"मी ओडेसा टॅकेट. तो रंग माझ्या आईचा होता."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मला... मला माहीत नव्हतं..."

"आता झालं ना माहीत!"

पेटी काखोटीला मारून ती भर पावसात गाडीकडे गेली. दार उघडायला गेली तेव्हा लक्षात आलं, की शिंगाच्या मुठीचा तो चाकू अजून हातात आहे. उघडाच! परत जाऊ? मेले तरी नाही, असं स्वतःशी म्हणत तिने तो बाजूच्या सीटवर ठेवला आणि घरापर्यंत त्याच्याकडे रागाने बघत गाडी चालवली.

डॅडींनी पातं खिडकीशी नेऊन बराच वेळ फिरवून पाहिलं.

"धार बरी ठेवलीय पोराने."

"डॅडी!"

"आहे ते म्हणतोय."

पण मग त्यांनी चाकू खिशात नाही ठेवला, पेटीत ठेवला, आणि झाकण लावलं. "ओळखू येत नाही गं," एवढंच म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले. ओडेसाला त्या क्षणी हॉलिसचा इतका राग आला की रडूच फुटलं. राग तरी धड येऊ द्यायचा! तर डोळ्यांसमोर सारखी त्याच्या ओठावरची ती साखर.

शिंगाच्या मुठीचा चाकू डॅडींनीच स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवला. उघडा. "आपण मिटायचा नाही," ते म्हणाले. आठवडाभर ओडेसाने भांडी घासली ती त्याच्याकडे बघत. बुधवारी डॅडी म्हणाले, "बिचारा, थंडीचा उघडा पडलाय." शुक्रवारी म्हणाले, "दिसायला बरा आहे का गं?"

"चाकू?"

"चाकूच म्हणतोय मी."

रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. हॉलिस. डोक्यावरची टोपी हातात, आणि पायाशी सफरचंदांची भली मोठी टोपली.

"चाकू न्यायला आलात?" ओडेसाने दारातच विचारलं.

"नाही. मिस्टर लोवेलशी बोलायला आलोय. तुम्ही दार लावलंत तर... ओसरीवरून ओरडेन."

डॅडींनी आतूनच हाक मारली, "येऊ दे गं त्याला, सफरचंदं गारठतील!"

हॉलिस बसला नाही, उभाच राहिला. "मिस्टर लोवेल, एकतीस वर्षं मला परत देता येणार नाहीत. सफरचंदं देता येतील. दर रविवारी येईन, तुमच्यादेखत कापीन, पातं पुसणार नाही. तो रंग यायचा नाही, माहीत आहे मला. पण कुठला तरी येईल. तुम्ही नको म्हणालात तर आत्ता जातो."

मग डॅडींनी पेटी पुढे सरकवली. "उघड. माझी नखं चालत नाहीत."

हॉलिसने पातं उघडलं, सफरचंद कापलं. डॅडींनी अर्धं स्वतःकडे घेतलं, आणि दुसरं अर्धं हातात धरून... थांबले. चार वर्षांत या घरात सफरचंद कापलंच नव्हतं. ओडेसाने पुढे होऊन ते अर्धं घेतलं. सगळं खाल्लं.

"मला?" हॉलिसने भीत भीत विचारलं.

"तुला दुसरं काप. हे जोडीचं असतं," डॅडी म्हणाले. "आणि उघडलास तू, मिटायचाही तूच."

असे रविवार सुरू झाले. तो यायचा, कापायचा, डॅडींच्या तोंडची गोष्ट ऐकायचा, ओडेसाच्या हातचं मक्याच्या पावासोबतचं घेवड्याचं कालवण दोनदा वाढून घ्यायचा. आणि निघताना, "अरे, माझा चाकू मिटायचा राहिलाच की," असं दर वेळी गाडीत बसल्यावर म्हणायचा. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत ओडेसाचा राग निम्मा झाला. नाताळपर्यंत ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली. जानेवारीत बर्फामुळे रस्ता बंद झाला आणि एक रविवार रिकामा गेला, तेव्हा तिला कळलं की राग केव्हाच संपलाय आणि त्याच्या जागी जे आलंय ते फार अवघड प्रकरण आहे.

पुढच्या रविवारी हॉलिस खिडकीशी थबकला. "याला कोणी तेल लावलं?"

"मला काय माहीत," ओडेसा म्हणाली. कान लाल झाले.

"कोणी तरी दर आठवड्याला लावतंय. न मिटता."

"डॅडी असतील."

"मी?" डॅडी पेपरामागून म्हणाले. "माझी तर बोटं चालत नाहीत."

मार्च उजाडला. तळघरातली सफरचंदं संपत आली, शेवटचं एक टोपलीत उरलं. त्या रविवारी डॅडींनी पिवळ्या मुठीचा चाकू खिडकीशी नेला, उन्हात फिरवला. निळा. पूर्वीचा नव्हे, जरा फिका, टोकाकडे ढगासारखा पसरलेला, पण निळा. त्यांनी तो हॉलिसकडून मिटवून घेतला आणि सरळ पँटच्या खिशात टाकला, जिथे तो एकतीस वर्षं राहिला होता.

"आता ओळख लागेल हळूहळू," ते म्हणाले आणि डोळे पुसायला ओसरीवर गेले.

स्वयंपाकघरात दोघंच राहिली.

"रंग आला," ओडेसा म्हणाली. तिला म्हणायचं होतं भलतंच काही.

"आला," हॉलिस म्हणाला. टोपी हातात फिरवत राहिला. "म्हणजे... माझं काम झालं."

बोल की गं, ती स्वतःला म्हणत होती. हॉलिसने थोडी वाट पाहिली. मग खिडकीशी गेला, आपला चाकू उचलला. "पाच महिने उघडा आहे बिचारा. मिटतो आता, आणि निघतो." त्याचा अंगठा पात्याच्या पाठीवर टेकला.

"मिटू नकोस!"

इतक्या जोरात, की ती स्वतःच दचकली.

"मिटलास की तू जाशील," ती म्हणाली. "मला नाही चालणार ते. अजिबात नाही."

तिने तो उघडा चाकू त्याच्या हातातून घेतला. टोपलीतलं शेवटचं सफरचंद उचललं, मधोमध कापलं. अर्धं स्वतःकडे ठेवलं, अर्धं त्याच्यापुढे धरलं. या घरात अर्धं सफरचंद कोणाला देतात, हे पाच महिन्यांत हॉलिसला चांगलं ठाऊक झालं होतं. तो नुसता बघत राहिला, आणि भुवई तेवढी हळूच वर गेली.

"ओडेसा... हे माझं?"

"मग काय शेजाऱ्याचं? खा."

त्याने घास घेतला, पहिल्यासारखाच भलामोठा. या वेळी ओठाला लागलेला रस तिने अंगठ्याने पुसला. पात्यावरचा मात्र पुसला नाही.

"अरे हॉलिस!" ओसरीवरून डॅडी ओरडले. "मिटलास का रे चाकू?"

"नाही, सर!"

"बरं केलंस," डॅडी म्हणाले. "मग जेवूनच जा."